डोळ्यात औषध पोचवण्यासाठी अल्ट्रासाऊंड: मात्रा, मांडणी आणि प्रयोग कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोळ्यात टाकलेल्या थेंबातले फारच थोडे औषध आत पोचते, आणि अल्ट्रासाऊंड दिल्यास ते कित्येक पटींनी वाढते असे शोधनिबंध सांगतात. मग वारंवारता किती, तीव्रता किती आणि वेळ किती ठेवायचा? फिजिओथेरपीचे १ मेगाहर्ट्झचे यंत्र हाताशी आहे, त्यावर सुरुवात करता येईल का? आणि याच वाटेने रेटिनापर्यंत, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाशसंवेदी पडद्यापर्यंत, औषध नेऊन डोळ्यातले इंजेक्शन टाळता येईल का?

आधी सरळ उत्तर. कॉर्नियातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून, लहान रेणूंची औषधे आत नेण्यासाठी ४०० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ, ०.२ ते १ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर आणि सुमारे ५ मिनिटे एवढ्या मर्यादेत सशांच्या डोळ्यांवर बरेच काम झाले आहे. वाढ खरी आहे, पण ती साधारण दीड ते चार-पाच पटींची असते. त्याहून मोठा आकडा दिसला तर तुलना कशाशी केली आहे ते आधी पाहा. फिजिओथेरपीचे यंत्र जिवंत डोळ्याला लावू नका, मग तो प्राण्याचा असला तरी. रेटिनाची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो. नेत्ररुग्णालयात रोजचा उपचार म्हणून ही पद्धत आज वापरात नाही. त्यामुळे पुढचे सगळे प्रयोगशाळेसाठी आहे, घरी किंवा रुग्णावर करून पाहण्यासाठी नाही.

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत अल्ट्रासाऊंड आधीपासून आहे, म्हणून गल्लत होते. मोतीबिंदू फोडणारी फेकोची सुई ४० किलोहर्ट्झच्या आसपास थरथरते आणि ती डोळ्याच्या आत असते. बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, १० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि फक्त चित्र काढतो. काचबिंदूसाठी सिलियरी बॉडीवर (डोळ्यातले पाणी तयार करणाऱ्या भागावर) एकाग्र केलेला अल्ट्रासाऊंड ऊती मुद्दाम जाळतो. औषध आत नेण्याचा अल्ट्रासाऊंड या तिघांपेक्षा वेगळा आहे: ऊर्जा चित्र काढण्यापेक्षा पुष्कळ जास्त, जाळण्यापेक्षा पुष्कळ कमी. या दोन टोकांमधली जागा अरुंद आहे आणि सगळी मेहनत तिथे नेमके उभे राहण्यासाठी लागते.

थेंब का कमी पडतो ते आकड्यांत पाहू. एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात मुळात ७ मायक्रोलिटरच्या आसपास अश्रू असतात आणि पापणीच्या खोबणीत जेमतेम ३० मायक्रोलिटर द्रव मावतो, म्हणजे थेंबाचा मोठा भाग लगेच गालावर नाहीतर नाकाच्या नळीत जातो. उरलेला अश्रूंच्या प्रवाहात मिनिटाला १६ टक्क्यांच्या गतीने पातळ होत राहतो. कंजंक्टायव्हाचे, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणीची आतली बाजू झाकणाऱ्या पातळ त्वचेचे, क्षेत्रफळ कॉर्नियाच्या सतराएक पट आहे आणि तिच्यात रक्तवाहिन्या आहेत, त्यामुळे तीही औषध ओढून घेते. एवढ्यातून जे उरते त्याला कॉर्निया अडवतो. कॉर्नियाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यातला वरचा पेशींचा थर, एपिथेलियम, फक्त ५० मायक्रोमीटरचा, पण पाण्यात विरघळणाऱ्या औषधाची खरी अडचण तोच. त्याच्या सर्वांत वरच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात आणि त्यांच्यामधली फट २ नॅनोमीटरच्या घरात असते. खालचा जाड थर, स्ट्रोमा, पाणीदार असल्याने तिथे उलटे होते, तेलकट औषधे अडखळतात. शेवटी आत पोचते ते थेंबातल्या औषधाच्या पाच टक्क्यांहून कमी.

अल्ट्रासाऊंडचे काम या वरच्या पेशींच्या थरावर चालते. द्रवात विरघळलेल्या वायूचे सूक्ष्म बुडबुडे दाबाच्या लाटेबरोबर फुगतात आणि आकसतात. एका लयीत फुगत-आकसत राहिले तर त्यांच्याभोवती बारीक प्रवाह तयार होऊन पेशींचे सांधे सैल होतात. जोरात कोसळले तर पृष्ठभागावर द्रवाची धार आदळते आणि वरच्या पेशी निखळतात. पहिल्या प्रकाराला स्थिर कॅव्हिटेशन म्हणतात, दुसऱ्याला जडत्वीय. याखेरीज लाटेच्या दिशेने द्रव वाहू लागतो, त्यामुळे कॉर्नियाला चिकटलेला न ढवळला जाणारा थर पातळ होतो. थोडी उष्णताही तयार होते आणि उष्णतेने पारगम्यता आपोआप वाढते. म्हणजे परिणाम दिसला एवढ्यावरून तो कॅव्हिटेशनचा, ढवळण्याचा की उष्णतेचा, हे कळत नाही. ते वेगळे करायला वेगळे नियंत्रण-गट लागतात.

वारंवारता निवडताना पहिला नियम असा की वारंवारता खाली आली की कॅव्हिटेशन सोपे होते. २० किलोहर्ट्झला ते फार सोपे होते आणि आवरतही नाही. त्वचेसाठी ते चालते, कारण त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा असतो. कॉर्नियाच्या वरच्या पेशी जिवंत असतात. शिवाय २० किलोहर्ट्झची तरंगलांबी पाण्यात ७५ मिलिमीटर, म्हणजे अख्ख्या डोळ्याच्या तिप्पट. त्यामुळे ऊर्जा एका जागी बांधता येत नाही. उलट ३ मेगाहर्ट्झच्या वर गेलात की कॅव्हिटेशन जवळजवळ संपते आणि शोषण, म्हणजे उष्णता, वाढते. म्हणून ४०० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झचा पट्टा बरा पडतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झ्देरिच आणि सहकाऱ्यांच्या कामात ८८० किलोहर्ट्झ, ०.१९ ते ०.५६ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर आणि ५ मिनिटे अशी मात्रा होती. त्या मात्रेत सशाच्या कॉर्नियातून फ्लुरोसिन हा चमकणारा रंग जास्त गेला. याच गटाच्या आधीच्या, २० किलोहर्ट्झच्या कामात काचबिंदूची चार औषधे सशाच्या काढलेल्या कॉर्नियातून १.९ ते ४.४ पट जास्त गेली होती. त्यांत सर्वाधिक वाढ तेलकट स्वभावाच्या बेटॅक्सोलॉलची होती, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. फायदा फक्त पाण्यात विरघळणाऱ्या औषधांना होतो हे समीकरण सोयीचे आहे, पण तुमचे औषध त्यात बसेल असे गृहीत धरू नका, मोजा.

आता मात्रेकडे. इथे बहुतेकांचा पाय घसरतो. अर्धा वॅट प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ५००० वॅट प्रति चौरस मीटर. सपाट लाटेसाठी दाबाचा वर्ग म्हणजे तीव्रतेची दुप्पट गुणिले घनता गुणिले ध्वनीचा वेग. पाण्यासाठी घनता आणि वेगाचा गुणाकार १५ लाख धरा. दाब येतो सुमारे १२२ किलोपास्कल. यांत्रिक इजेचा अंदाज देणारा मेकॅनिकल इंडेक्स म्हणजे मेगापास्कलमधला ऋण दाब भागिले मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचे वर्गमूळ. ८८० किलोहर्ट्झला तो ०.१३ येतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने) डोळ्याच्या निदानासाठी घातलेली मर्यादा ०.२३ आहे, म्हणजे या बाजूने आपण आत आहोत. पण त्याच नियमावलीत कालसरासरी तीव्रतेची मर्यादा ५० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर आहे आणि आपण ५०० वर उभे आहोत, दहापट. धोका कुठून येणार ते या दोन आकड्यांनी दाखवून दिले: यांत्रिक इजेपेक्षा उष्णतेकडे आधी लक्ष द्यायचे आहे. ४०० किलोहर्ट्झ आणि १ वॅट घेतलात तर मात्र दाब १७३ किलोपास्कल आणि इंडेक्स ०.२७ होतो, म्हणजे दोन्ही मर्यादा ओलांडल्या. प्रत्येक मात्रेसाठी हा दोन ओळींचा हिशेब प्रयोगाआधी वहीत असायलाच हवा.

यंत्रावर दिसणारा आकडा म्हणजे मात्रा नव्हे. एकूण शक्ती तराजूने तपासता येते: पाण्यात ध्वनी शोषणारे लक्ष्य ठेवून त्यावर पडणारा जोर मोजायचा. १ वॅटमागे सुमारे ६९ मिलिग्रॅमचा जोर पडतो. ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे ध्वनी सोडणाऱ्या भागाच्या, १५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटिमीटर, तेव्हा ०.५ वॅट प्रति चौरस सेंटिमीटरला तराजूवर ६१ मिलिग्रॅम दिसले पाहिजेत. ४५ दिसले तर चकती थकलेली आहे, केबल खराब आहे किंवा चकतीच्या तोंडावर बुडबुडा बसला आहे. शक्ती तपासल्यावर हायड्रोफोनने, म्हणजे पाण्यातला ध्वनिदाब मोजणाऱ्या बारीक मायक्रोफोनने, शलाकेचा (ध्वनीच्या झोताचा) आडवा नकाशा काढा, कारण सरासरी सारखी असूनही मधोमध शिखर कितीतरी उंच असू शकते.

फिजिओथेरपीच्या यंत्राला नकार देण्याचे मोठे कारण हेच. त्याच्या शलाकेत शिखर आणि सरासरी यांचे गुणोत्तर पाच-सहा असणे सामान्य आहे. म्हणजे ०.५ लावले तर एखाद्या ठिपक्यावर अडीच-तीन वॅट पडतात. हाताने फिरवताना स्नायूला ते चालते, स्थिर धरलेल्या कॉर्नियाला नाही. शिवाय दाखवलेल्या आकड्यात २० टक्के फरकाची सूट नियमातच असते. डोळा हा फिजिओथेरपीच्या अल्ट्रासाऊंडसाठी निषिद्ध भाग मानला जातो, आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. काढलेल्या कॉर्नियावर, तराजू आणि हायड्रोफोनने पूर्ण मोजून घेतल्यावर, सराव म्हणून ते यंत्र वापरता येईल, त्यापुढे नाही.

काढलेल्या कॉर्नियाची मांडणी अशी. ताजा डोळा घ्या आणि काही तासांच्या आत वापरा. कॉर्निया कापताना भोवती सुमारे २ मिलिमीटर स्क्लेराची, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या कवचाची, कडा ठेवा. चिमटा फक्त त्या कडेलाच लागला पाहिजे. डिफ्यूजन सेलच्या, म्हणजे मधे कॉर्निया बसवायच्या दोन कप्प्यांच्या भांड्याच्या, खालच्या कप्प्यात ग्लुटाथायोन घातलेले बायकार्बोनेट रिंगर (क्षारांचे द्रावण), पीएच ७.४, तापमान ३४ अंश सेल्सिअस. शरीराचे म्हणून ३७ ठेवू नका, कॉर्निया मुळात थंड असतो. कॉर्नियाचा बाक वरच्या दिशेला हवा. सपाट ताणून बसवला तर एंडोथेलियमला, म्हणजे सर्वांत आतल्या पेशींच्या थराला, सुरकुत्या पडतात आणि गळती होते, ती तुम्हाला पारगम्यता वाटेल. खाली अडकलेला हवेचा एक बुडबुडा सगळे बिघडवतो, कारण हवेच्या सीमेवर ध्वनी जवळजवळ पूर्ण परततो.

ही परतणारी लाट हा काचेच्या सेलमधला सर्वांत मोठा शत्रू. तळाच्या काचेवरून परतलेली लाट येणाऱ्या लाटेत मिसळली की स्थिर लाट उभी राहते. पूर्ण परावर्तन झाले तर दाब दुप्पट आणि त्या जागी तीव्रता चौपट होते. ८८० किलोहर्ट्झला जास्त दाबाच्या दोन जागांमधले अंतर ०.८५ मिलिमीटर असते. म्हणजे एका सेलमध्ये कॉर्निया अर्धा मिलिमीटर वर बसला आणि दुसऱ्यात खाली, तर एकाच नावाच्या मात्रेत दोघांना निरनिराळा दाब मिळाला. सहापैकी दोन नमुन्यांत प्रचंड वाढ आणि बाकीच्यांत काहीच नाही, असे निकाल आले की पहिला संशय इथे घ्या. उपाय सोपा आहे: खालच्या कप्प्याच्या तळाशी ध्वनी शोषणाऱ्या रबराची चकती बसवा आणि ढवळणारा चुंबक बाजूला ठेवा. रबर औषध शोषते का ते मात्र आधी तपासा. आदल्या दिवशी ज्ञात प्रमाणाच्या द्रावणात रबर बुडवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी प्रमाण पुन्हा मोजा.

ट्रान्सड्यूसर किती अंतरावर ठेवायचा? चकतीच्या जवळच्या भागात दाब वेडावाकडा चढउतार करतो. अक्षावरचे शेवटचे शिखर त्रिज्येचा वर्ग भागिले तरंगलांबी एवढ्या अंतरावर येते आणि त्यापुढे दाब सुरळीत उतरतो. १५ मिलिमीटर व्यास आणि ८८० किलोहर्ट्झसाठी हे अंतर ३३ मिलिमीटर, ४०० किलोहर्ट्झसाठी १५ मिलिमीटर. कॉर्निया या अंतरावर किंवा किंचित पुढे ठेवा. घाईत ट्रान्सड्यूसर ५ मिलिमीटरवर आणून ठेवला की कॉर्नियावर कुठे जळके ठिपके आणि कुठे अस्पर्श जागा दिसतात.

या अंतरातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो निबंधांत बहुधा एका ओळीत उरकला जातो. जिवंत डोळ्यावर नळीसारखा कप बसवून त्यात औषधाचे द्रावण भरले आणि ट्रान्सड्यूसर ३ सेंटिमीटर वर धरला, तर १५ मिलिमीटर व्यासाच्या कपात ५ मिलिलिटरहून जास्त द्रावण लागते. तो १०० थेंबांएवढा साठा झाला. ०.५ टक्के टिमोलॉल (काचबिंदूचे औषध) घेतले तर थेंबात पाव मिलिग्रॅम असते आणि कपात २५ मिलिग्रॅम. यातून दोन गोष्टी निघतात. एक, कंजंक्टायव्हातून रक्तात जाणाऱ्या औषधाचा विचार करावा लागतो. टिमोलॉल हृदयाची गती आणि श्वासनलिका दोन्हींवर परिणाम करते. दोन, तुमच्या नियंत्रण-गटातला डोळाही पाच मिनिटे औषधात बुडालेला आहे आणि त्याला थेंबापेक्षा खूप जास्त औषध मिळाले आहे. तेव्हा चार पट म्हणजे बुडवून ठेवण्याच्या चार पट, थेंबाच्या नव्हे. निबंध वाचताना आणि स्वतःचा लिहिताना तुलना कशाशी ते शीर्षकातच स्पष्ट दिसावे, असे माझे ठाम मत आहे. थेंबाचा तिसरा गट ठेवल्याशिवाय रुग्णाच्या दृष्टीने अर्थ असलेला आकडा मिळत नाही.

साठा कमी करायचा तर कपात पातळ प्लास्टिकचा पडदा ताणून दोन कप्पे करता येतात. वर वायुमुक्त पाणी, खाली औषधाचा १-२ मिलिमीटरचा थर. पडदा तरंगलांबीच्या तुलनेत फार पातळ, म्हणजे २०-३० मायक्रोमीटरचा असेल तर ध्वनी जवळजवळ सगळा पार जातो. खालचा थर भरताना कप तिरका धरून कडेने भरा आणि भिंगातून बुडबुडे पाहून घ्या.

वायूचे प्रमाण हा दुसरा नाजूक भाग. वरचे पाणी पूर्ण वायुमुक्त हवे, नाहीतर बुडबुड्यांचा ढग कॉर्नियापर्यंत ऊर्जा पोचूच देत नाही. वीस मिनिटे उकळून, तोंडापर्यंत भरलेल्या बंद बाटलीत थंड करा किंवा निर्वात पंपाखाली ठेवा. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली आला की वापरा. पण कॉर्नियाला लागून असलेले औषधाचे द्रावणही असेच वायुमुक्त केले तर कॅव्हिटेशनच नाहीसे होते आणि परिणाम घटतो. म्हणून औषधाच्या थरात वायू नेहमीइतका राहू द्या, पण दर वेळी तेवढाच. सकाळी फ्रीजमधून काढलेले द्रावण आणि दुपारपर्यंत टेबलावर राहिलेले द्रावण यांत वायू सारखा नसतो. तापमान स्थिर झाल्यावर, ऑक्सिजन मोजून, तो आकडा नोंदवून मगच सुरुवात करा. शक्य असेल तर बाजूने दुसरा लहान ट्रान्सड्यूसर फक्त ऐकण्यासाठी लावा. मूळ वारंवारतेच्या निम्म्यावर, म्हणजे ८८० ला ४४० किलोहर्ट्झवर, टोक दिसले तर स्थिर कॅव्हिटेशन चालू आहे. सगळ्या पट्ट्यात एकसारखी गुरगुर वर आली तर बुडबुडे कोसळत आहेत. तीव्रता कमी करा. मात्रेच्या आकड्यापेक्षा हे ऐकणे जास्त भरवशाचे आहे, कारण ते त्या क्षणी त्या डोळ्याजवळ काय घडते ते सांगते.

उष्णतेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण यातली इजा लगेच दिसत नाही. कॉर्निया अर्धा मिलिमीटरचा आहे, त्यात शोषण फार होत नाही आणि वरचे पाणी त्याला थंड ठेवते. बाहुलीतून आत गेलेली शलाका लेन्सवर पडते. लेन्समध्ये रक्तप्रवाह नाही, म्हणून उष्णता फक्त वहनाने बाहेर पडते, आणि ध्वनीचे शोषण इतर मऊ ऊतींपेक्षा जास्त आहे. १ मेगाहर्ट्झला शोषण सेंटिमीटरमागे २ डेसिबल धरले आणि लेन्सवर ०.५ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर पोचले, तर तापमान सुरुवातीला सेकंदाला ०.०६ अंशांनी चढते. वहन धरले नाही तर एका मिनिटात साडेतीन अंश. वहनामुळे प्रत्यक्षात चढ मंदावतो, तरी सलग पाच मिनिटे चालू ठेवणे म्हणजे दीड अंशाच्या सुरक्षित मानलेल्या वाढीशी खेळणे आहे. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अल्ट्रासाऊंडमध्ये दीड अंशापर्यंतची वाढ निर्धोक धरतात; इथेही तीच रेषा पाळा.

यावर तीन उपाय आहेत. लाट सलग न देता तुकड्यांत द्यायची: २० टक्के वेळ चालू, ८० टक्के बंद. दाब तोच राहतो, सरासरी उष्णता पाचव्या भागावर येते. मात्र कॅव्हिटेशनला सुरू व्हायला काही चक्रे लागतात, म्हणून चालू तुकडा अगदी छोटा करू नका. दुसरा उपाय, मधली शलाका अडवून कडेचा भाग वापरायचा; कंकणाच्या आकाराचा ट्रान्सड्यूसर घेतला तर ध्वनी लेन्सच्या मध्यातून न जाता लिंबसच्या, म्हणजे कॉर्निया आणि पांढऱ्या भागाच्या सीमेच्या, बाजूने जातो. तिसरा, ट्रान्सड्यूसरचे तोंड स्वतः तापते हे विसरायचे नाही. खराब जुळणी असेल तर निम्मी वीज तिथेच उष्णतेत जाते आणि पाच मिनिटांत कपातले पाणी कोमट होते. कपातले पाणी ३४ अंशांवर फिरते ठेवा.

तापमान मोजायला केसाइतक्या बारीक तारेचे थर्मोकपल वापरा. चालू शलाकेत तारेच्या पृष्ठभागावर घर्षणाने खोटी वाढ दिसते. ती पहिल्या एक-दोन सेकंदांत झटकन चढते आणि शलाका बंद करताच झटकन उतरते; खरी वाढ हळू चढते, हळू उतरते. म्हणून बंद केल्यानंतरचे दोन-तीन सेकंद सोडून आलेख मागे वाढवून वाचा.

नियंत्रण-गट किती? अल्ट्रासाऊंडसहित औषध; ट्रान्सड्यूसर तेवढाच वेळ लावलेला पण बंद; अल्ट्रासाऊंडशिवाय, मोजलेल्या तापमानवाढीइतके गरम केलेले द्रावण; नुसते ढवळलेले द्रावण; आणि साधा थेंब. शिवाय एका गटात आधी अल्ट्रासाऊंड आणि नंतर औषध द्या. त्यातही वाढ दिसली तर एपिथेलियम खरोखर सैल झाला आहे. दिसली नाही तर परिणाम बहुधा ढवळण्याचा होता. एवढे गट पाहून जीव दडपतो, पण काढलेल्या कॉर्नियावर ते सगळे उरकता येतात आणि जिवंत प्राण्यांची संख्या त्यामुळेच कमी राहते.

नमुने घेताना खालच्या कप्प्यातून काढले तेवढे ताजे रिंगर परत घाला आणि हिशेबात ती भर धरा. पारगम्यता म्हणजे स्थिर झालेल्या रेषेचा चढ भागिले क्षेत्रफळ आणि सुरुवातीचे प्रमाण. पहिले काही बिंदू त्या रेषेत घालू नका. फ्लुरोसिन हा सरावासाठी उत्तम पदार्थ आहे, पण एपिथेलियमची इजा पाहायला तोच रंग वापरतात हे लक्षात ठेवा; एकाच डोळ्यावर दोन्ही कामे होत नाहीत.

इजा तपासण्याची सोपी आणि खात्रीची कसोटी कॉर्नियातले पाणी. प्रयोग संपताच कडा कापून कॉर्निया तोला, रात्रभर १०० अंशांवर सुकवून पुन्हा तोला. पाण्याचा हिस्सा ७६ ते ८० टक्के असला तर ठीक. ८३ च्या वर गेला तर एपिथेलियम किंवा एंडोथेलियम फुटला आहे आणि त्या नमुन्याची पारगम्यता फेकून द्या. एंडोथेलियम वेगळा पाहायला ट्रिपॅन ब्लू आणि अॅलिझरिन रेड या दोन रंगांची जोडी चालते. सशाच्या अभ्यासांत वरच्या थराची इजा दीडेक तासात भरून आल्याचे दिसते, ते दिलासा देणारे आहे. एंडोथेलियमच्या बाबतीत मात्र सशावर भरवसा नको: सशाच्या एंडोथेलियमच्या पेशी पुन्हा वाढतात, माणसाच्या जवळजवळ वाढत नाहीत. सशाचा कॉर्नियाही माणसाच्यापेक्षा पातळ असतो आणि तो पापणी क्वचितच लवतो, म्हणून थेंब त्याच्या डोळ्यात जास्त वेळ टिकतो.

औषध स्वतः टिकले का, हेही तपासा. लहान रेणू सहसा तगतात, तरी एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) आधीचे आणि नंतरचे शिखर शेजारी ठेवून पाहा. प्रथिनांची गोष्ट वेगळी. बुडबुड्याच्या पृष्ठभागावर प्रथिन उलगडते आणि गुठळ्या होतात. द्रावण किंचित दुधाळ दिसले की उशीर झालेला असतो. प्रतिपिंडासाठी (अँटिबॉडीसाठी) नुसते प्रमाण मोजू नका, ते लक्ष्याला अजून चिकटते का ते पाहा.

आता रेटिना. इंजेक्शनमध्ये ५० मायक्रोलिटर औषध लिंबसच्या साडेतीन-चार मिलिमीटर मागून थेट व्हिट्रियसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या द्रवात, जाते. अशा इंजेक्शनांतल्या प्रथिन-औषधांपैकी बेव्हासिझुमॅबचा रेणू १४९ किलोडाल्टनचा, रॅनिबिझुमॅबचा ४८ चा. कॉर्नियाच्या वाटेने हे रेणू मागे पोचत नाहीत, अल्ट्रासाऊंड कितीही द्या. मागची वाट स्क्लेरातून जाते. स्क्लेरा तंतूंची जाळी आहे, मोठे रेणूही तिच्यातून सावकाश जातात. हाँगकाँगमधल्या एका गटाने सशांच्या डोळ्यांवर १ मेगाहर्ट्झ, फक्त ०.०५ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर आणि ३० सेकंद एवढ्या सौम्य मात्रेत अल्ब्युमिनसारख्या प्रथिनाचा स्क्लेरातला प्रवेश वाढवून दाखवला. ही मात्रा निदानाच्या मर्यादेवरच आहे, म्हणून मला ही वाट कॉर्नियापेक्षाही जास्त आशादायक वाटते. पण स्क्लेरा ओलांडल्यावर कोरॉइड हा रक्तवाहिन्यांचा थर येतो. त्याचा रक्तप्रवाह शरीरातल्या सर्वांत जोरदार प्रवाहांपैकी आहे आणि तो औषध वाहून नेतो. पुढे रेटिनाच्या रंगद्रव्य पेशींचा थर पुन्हा घट्ट सांधलेला असतो. स्क्लेरात किती शिरले हा आकडा म्हणूनच अपुरा आहे. रेटिना वेगळी काढून तिच्यातले औषध मोजल्याशिवाय दावा करू नका. रेटिना सोडवताना कोरॉइडचे रक्त लागले तर आकडा खोटा वाढतो.

तिसरी वाट रक्तातून जाते: शिरेत सूक्ष्म बुडबुडे सोडायचे आणि रेटिनावर एकाग्र केलेला अल्ट्रासाऊंड देऊन रक्तवाहिन्यांची भिंत काही तासांसाठी सैल करायची. २०१२ मध्ये उंदरांवर हे दाखवले गेले. ०.६९ मेगाहर्ट्झ, १० मिलिसेकंदांचे स्पंद सेकंदाला एक, एक मिनिट, दाब ०.८ ते १.१ मेगापास्कल. वरच्या दाबाला इजा स्पष्ट होती. खालच्या टोकालाही मेकॅनिकल इंडेक्स १ च्या जवळ जातो, डोळ्याच्या मर्यादेच्या चौपट. रक्तात बुडबुडे असताना तो आकडा फार गंभीर आहे. एक बारीक रक्तस्राव मॅक्युलात (रेटिनाच्या मधल्या, स्पष्ट दृष्टीच्या भागात) झाला तरी दृष्टी जाते. इंजेक्शननंतर डोळ्यात संसर्ग होण्याचे प्रमाण काही हजारांत एक एवढे आहे, त्याच्याशी या वाटेला स्पर्धा करायची आहे.

पुढे कधी माणसांवर अभ्यास आखलात तर काही डोळे सुरुवातीलाच वगळा: आत वायू किंवा सिलिकॉन तेल असलेले, कृत्रिम लेन्स बसवलेले, रेटिना सुटलेली किंवा सुटण्याच्या बेतात असलेली, अलीकडे शस्त्रक्रिया झालेले, काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत पाणी झिरपण्यासाठी केलेली फोड असलेले. वायूच्या सीमेवरून लाट परतते, तेलात ध्वनीचा वेग पाण्याच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असल्याने शलाका भलतीकडे वळते, आणि प्लास्टिकची लेन्स स्वतः तापते. कप बसवताना डोळ्यावर दाब पडून आतला दाब चढतो, तोही आधी मोजून ठेवा.

नोंदवहीत प्रत्येक नमुन्यासमोर हे असावे: वारंवारता, चकतीचा व्यास, कॉर्नियापर्यंतचे अंतर, तराजूवरची शक्ती आणि तिची तारीख, हायड्रोफोनवरचा शिखर-दाब, चालू-बंदचे प्रमाण, एकूण वेळ, द्रावणाचे तापमान सुरुवातीला आणि शेवटी, ऑक्सिजन, द्रावणाचे आकारमान, कॅव्हिटेशनचा आलेख आणि शेवटी कॉर्नियातले पाणी. नुसते "१ मेगाहर्ट्झ, ०.५ वॅट, ५ मिनिटे" एवढ्यावरून तुमचा प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत उभा राहणार नाही.